पेटीच्या झाकणातला नंबर

सिंगापूर बंदर
२ मार्च २०२४

ती. दादांस,
सिद्धूचा शिरसाष्टांग नमस्कार.

परवा नव्या जहाजावर फिटर म्हणून चढलो. इथे नेट मोजूनमापून मिळतं, म्हणून नेहमीप्रमाणे कागदावर लिहून फोटो पाठवतोय. तुम्ही पलूसला जाल तेव्हा छापून आणा आणि आप्पांना वाचून दाखवा. फोनवर बोललेलं आप्पा पत्रात धरत नाहीत, ते ठाऊक आहे.

जहाज कंटेनरचं आहे. आपल्या मारुतीच्या देवळापासून एसटीच्या थांब्यापर्यंत चालत जावं एवढं लांब. डेकवरच कंटेनरचे आठ-नऊ थर लागतात, पोटात आणखी तेवढेच. नाव ‘व्हाइट मॅग्नोलिया’. पण हे नाव दोनच महिन्यांपूर्वीचं. मालक बदलला तसं नावही बदललं, पाठीमागचा झेंडाही बदलला. जुन्या नावाची वेल्डिंगची अक्षरं नव्या रंगाखालून अजून दिसतात.

आप्पांना एक गोष्ट आवडेल म्हणून लिहितो. जहाज बांधतात तेव्हा त्याला सात आकड्यांचा एक नंबर मिळतो. नाव बदलो, देश बदलो, दहा मालक होवोत, तो नंबर जहाज भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. मागच्या बाजूला लोखंडावर उठवलेला असतो आणि आत इंजिनरूमच्या भिंतीवरही असतो. मी काम करतो तिथून तो समोरच दिसतो. खाली लिहून देतो आहे.

दादा, मागच्या खेपेला मुंबईत उतरून चार दिवस मित्राकडे राहिलो आणि तुम्हाला ‘अजून जहाजावरच आहे’ म्हणून सांगितलं. आष्ट्याचं स्थळ बघायला जायचं चुकवण्यासाठी केलं ते. तुम्हाला कळलं आणि आप्पांना वाईट वाटलं. आता कुठे आहे ते खरंच सांगत जाईन.

वैनींना नमस्कार. सृष्टीला साताऱ्याच्या कॉलेजात बरं वाटतंय ना?

आपला,
सिद्धू

*

२४ मार्च २०२४

चि. सिद्धू यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आप्पांना दोनदा वाचून दाखवलं. मी पहिल्यांदा जहाजाचं नाव वाचलं तर मला थांबवून म्हणाले, “नाव काय सांगतोस? नंबर सांग नंबर. आमच्या फौजेच्या डेपोत चार मारुती हुते. एकाची रजा मंजूर झाली आन दुसराच घरला गेला. तवापास्नं म्या नंबर जुळल्याबिगर कशावर सही केली न्हाई.”

शेजारचा लालासाहेब कट्ट्यावर बसला होता. तो म्हणाला, “आवं आप्पा, पेन्शनीत येऊन तीस वर्सं झाली. तुमचा नंबर अजून चालतोय व्हय?”

आप्पा म्हणाले, “तुझं नाव गावात कोन इचारत न्हाई, त्यापरीस माझा नंबर बरा.”

मग त्यांनी ती काळी लोखंडी पेटी ओढायला लावली. तुला ठाऊकच आहे, झाकणाच्या बाहेरून पांढऱ्या रंगात त्यांचा फौजेतला नंबर लिहिला आहे. तुझ्या जहाजाचा नंबर त्यांनी लाल पेन्सिलीने एका कार्डावर उतरवला, एकेक आकडा माझ्याकडून वदवून घेतला आणि झाकणाच्या आतून चिकटवला. आता तुझी पत्रं त्याच पेटीत राहतील म्हणाले.

सृष्टीने माझ्या फोनवर जहाजं दिसतात ते ॲप घालून दिलं आहे. ती साताऱ्याला परत गेल्यावर मी एकट्यानेच खटपट केली. नाव टाकलं, दोन ओळी आल्या. एकीवर काहीच ठिपका नव्हता, दुसरीवर हिरवा ठिपका चालत होता. तो धरून ठेवला आहे. सकाळी दिवा लावला की तुझा ठिपका बघतो, मगच चहा घेतो. देवाजवळचं काम झाल्यासारखं वाटतं.

आष्ट्याची मुलगी गेल्या महिन्यात दुसरीकडे दिली. झालं ते झालं.

तुझा,
बाळासो

*

अल्जेसिरास, स्पेन
६ जून २०२४

ती. दादांस नमस्कार.

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. तांबड्या समुद्रातून जायला धोका आहे म्हणून आम्ही सगळा आफ्रिका वळसा घालून येतो-जातो. दोन-दोन आठवडे नुसतं पाणी. मे महिन्यात तुम्ही मला कोलंबोला बघितलं असं लिहिलंत, ते काय कळलं नाही. आम्ही तेव्हा इकडेच होतो. ते फुकटचं ॲप किनाऱ्याजवळचंच दाखवतं, ठिपका जुना राहिला असेल. फार मनावर घेऊ नका.

आप्पांच्या गुडघ्याचं काय? कार्ड पेटीत लावल्याचं वाचून इंजिनरूममध्ये त्या नंबराकडे बघितलं. रोज बघतो, पण त्या दिवशी तो घरातला वाटला.

सिद्धू

*

२९ ऑगस्ट २०२४

चि. सिद्धू,

आप्पा मोरीत पडले. सांगलीत दवाखान्यात ठेवलं आहे. मूत्रपिंडं काम करेनात, डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून घ्या म्हणून सांगितलं. तुझ्या कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला सृष्टीने मेल केला आहे. हे पत्रही तेच पुढे पाठवतील.

शुद्ध आहे. तुझंच विचारतात. कसंही करून ये.

दादा

*

३१ ऑगस्ट २०२४

दादा,

ऑफिसकडून निरोप आला. आम्ही आफ्रिकेच्या टोकाखाली आहोत. पुढचं बंदर सिंगापूर, तेरा दिवस लागतील. कॅप्टनकडे दोनदा गेलो. भला माणूस आहे, पण म्हणाला, इथून तुला कुठे उतरवू? नकाशा माझ्यापुढे केला, त्यावर चारी बाजूंना पाणीच.

फोन लावला होता. तुमचा ‘हॅलो’ ऐकू आला आणि तुटला.

सिंगापूरला पोचल्या दिवशी विमान धरतो. आप्पांना सांगा, मी निघालोच आहे. थांबा म्हणावं.

सिद्धू

*

१८ सप्टेंबर २०२४

सिद्धू,

आप्पा ५ तारखेला, गुरुवारी, पहाटे गेले. रक्षा औदुंबरला कृष्णेत सोडली. काल तेरावा झाला. लोक तुझं विचारत होते.

तुला एकच सांगायचं आहे. सोमवारी, २ तारखेला, दुपारी तुझं जहाज न्हावाशेव्याला लागलं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिथेच उभं होतं. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तीस तास. मुंबईहून सांगलीला यायला एक रात्र पुरते.

आष्ट्याच्या वेळी मुंबईत बसून जहाजावर आहे म्हणालास, तेव्हा मी तुझ्या बाजूने बोललो होतो. पोरगं लाजतं म्हणालो. या वेळी आफ्रिकेच्या टोकाखाली जाऊन बसलास.

१४ तारखेला तू मुंबईला उतरून फोन केलास, तो मी घेतला नाही. दाराशी येऊ नकोस. या घराला पत्रही लिहू नकोस. पेटीला कुलूप घातलं आहे.

बाळासो

*

१२ नोव्हेंबर २०२४

चि. सिद्धू,

कोणत्या तोंडाने लिहू, हे ठरवण्यात आठ दिवस गेले.

सृष्टी दिवाळीला आली. भाऊबीजेला तिने तुझी आठवण काढली तशी मी तिच्यावर ओरडलो आणि ते ॲप पुढे केलं. म्हणालो, बघ तुझा काका, आजही दुबईला मजेत आहे. तिने फोन हातात घेतला. मग म्हणाली, “पप्पा, या नावाची दोन जहाजं आहेत. तुम्ही नंबर बघितला होता का?”

पेटी उघडली. लाल पेन्सिलीचं कार्ड वाचून तिने एकेक आकडा सांगितला, मी फोनवर बघत गेलो. चौथ्या आकड्यालाच चुकलं. तुझ्या जहाजाचा तो नव्हता. झेंडाही वेगळा, लांबीही निम्मी. ते दुसरंच जहाज होतं, कोलंबो, न्हावाशेवा आणि दुबई एवढंच फिरणारं. ज्या ओळीवर ठिपका नव्हता, तिच्यावरचा नंबर आप्पांच्या कार्डाशी सातही आकडे जुळला. भर समुद्रात असलं की फुकटच्या ॲपवर दिसत नाही, हे तू मला लिहिलं होतंस.

सहा महिने मी रोज सकाळी देवाजवळून उठून एका परक्या जहाजाला हात जोडत होतो.

सृष्टीने तुझ्या ऑफिसला विचारलं. तू मुंबईहून माघारी जाऊन आठवड्यात त्याच जहाजावर चढलास म्हणून कळलं. तेरा दिवसांचं पाणी कापून आलास आणि मी फोन घेतला नाही.

माझी चूक झाली. तुझ्या वैनीने, अंजनाने, आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आहे, ते योग्यच आहे. आप्पांपर्यंत यातलं काही गेलं नव्हतं. ते शांत गेले. तू घरी ये.

दादा

*

२८ नोव्हेंबर २०२४

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. राग नाही असं लिहिलं तर खोटं होईल. त्या दिवशी मुंबईच्या एसटी स्टँडवर सांगलीच्या गाडीसमोर मी तीन तास बसलो होतो. दाराशी येऊ नकोस हे तुम्ही नंतर लिहिलंत, पण फोन घेईनात तेव्हाच मला काहीतरी कळलं. आप्पा गेल्याचं मला ऑफिसमधल्या क्लार्कने सांगितलं. आपल्या माणसाने सांगितलं असतं तर निदान रडता आलं असतं.

पण चूक एकट्या तुमची नाही. कोलंबोचं तुम्ही लिहिलंत तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, दादा, नंबर बघा. फार मनावर घेऊ नका म्हणून सोडून दिलं. आणि आष्ट्याच्या वेळचं खोटं नसतं, तर तुम्ही एका ठिपक्यावर एवढा विश्वास ठेवला असता का? हे मी रोज स्वतःला विचारतो.

एकच गोष्ट मला सांगा. तुम्ही लिहिलंत, आप्पांपर्यंत काही गेलं नव्हतं. माझं ३१ तारखेचं पत्र त्यांना वाचून दाखवलंत का? मी येत होतो हे त्यांना शेवटी ठाऊक होतं का? तेवढं असलं तर बाकीचं मी सोसेन.

सिद्धू

*

१५ डिसेंबर २०२४

चि. सिद्धू,

तुझ्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मी खरसुंडीला सिद्धनाथाकडे गेलो होतो. तुझं नाव आईने ज्या देवावरून ठेवलं, त्याच्यापुढे सगळं सांगून मोकळं व्हावं म्हणून. पायरीपाशीच परत फिरलो. देवाला सांगणं सोपं होतं. सांगायचं तुला होतं.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. घडलं ते असं.

तुझं ३१ तारखेचं पत्र मी आप्पांना वाचून दाखवलं होतं. ऐकून म्हणाले, “तेरा दिस व्हय? बघू की. थांबतो की.” त्या संध्याकाळी त्यांनी पेज मागून घेतली. नर्सला म्हणाले, “धाकटं येतंय माझं, दाढी करून घ्यायला पायजे.” सोमवारी न्हाव्याला बोलावून दाढी केली.

त्याच दुपारी मला न्हावाशेव्याचा ठिपका दिसला. रात्रभर मनात ठेवला. मंगळवारी दुपारपर्यंत तू आला नाहीस, तसा माझा तोल गेला. मी आत जाऊन म्हणालो, “आप्पा, कुणाची वाट बघताय? तुमचा सिद्धू कालपास्नं न्हावाशेव्यात हाय. आफ्रिका न्हाई आन काय न्हाई.”

अंजनाने माझा हात धरला, पण शब्द गेले होते.

आप्पा छताकडे बघत होते. मग मान माझ्याकडे केली आणि अगदी पूर्वीच्या आवाजात, पेटीपुढे बसून विचारायचे तसं विचारलं, “नंबर जुळवला का रं?”

सिद्धू, कार्ड घरी पेटीत होतं. मी ते कधीच फोनशी लावून बघितलं नव्हतं. ‘न्हाई’ एवढा एक शब्द बोललो असतो, तर ते म्हणाले असते, जा, जुळवून ये. सांगलीहून घर कितीसं लांब आहे? मी दोन-तीन तासांत कार्ड घेऊन आलो असतो. पण मी रागात होतो आणि मला खरं ठरायचं होतं.

मी म्हणालो, “व्हय. जुळवला.”

ते म्हणाले, “मग असंल.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

ज्या माणसाने जन्मभर नंबर जुळल्याशिवाय कशावर सही केली नाही, त्याने माझ्या शब्दावर केली. पोरगा खोटं सांगणार नाही म्हणून.

त्यानंतर त्यांनी पेज घेतली नाही. बुधवारी अंजनाने विचारलं, “आप्पा, कुणाला बघावंसं वाटतंय का?” तर म्हणाले, “आलीत की सगळी.” तुझं नाव घेतलं नाही. पहाटे गेले.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तीन दिवस त्यांना ठाऊक होतं, तू येतोयस. आणि शेवटचे दोन दिवस मी ते त्यांच्याकडून काढून घेतलं.

सकाळी दिवा लावतो. हात जोडले जातात, तोंडातून नाव येत नाही. क्षमा मागत नाही. ज्यांच्याकडे मागायची ते नाहीत, आणि तुझ्याकडे मागून तुझ्यावर ओझं टाकायचं नाही.

बाळासो

*

२० फेब्रुवारी २०२५

ती. दादांस नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा जहाज सोडायला तेरा दिवस राहिले होते. ते तेरा दिवस कसे गेले ते लिहीत नाही.

कुठे होतो ते खरं सांगायचं कबूल केलं आहे, म्हणून सांगतो. २८ डिसेंबरला सिंगापूरहून निघालो. ३० तारखेला सकाळी औदुंबरला होतो. घाटावर नदीत उतरलो, आप्पांना पाणी दिलं. दत्ताच्या देवळातला म्हातारा पुजारी जवळ येऊन म्हणाला, “एकटाच आलास व्हय रं? घरचं कोन न्हाई?” मी म्हणालो, आहेत, पाठीमागून येत आहेत. परत खोटंच बोललो बघा.

बाहेर पलूसची गाडी उभी होती. कंडक्टरने दोनदा हाळी दिली. माझा पाय उचलला नाही. मी इथे आहे, घर तासाभरावर आहे, आणि जात नाही. ज्याच्यासाठी तुम्ही मला बोल लावलात, ते मी त्या दिवशी खरंच केलं. गाडी गेल्यावर सांगलीला आलो, तिथून मुंबई. महिनाभर तिथेच होतो.

राग आहे का, हे मी त्या घाटावर बसून शोधत होतो. आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं तिथपर्यंत मन जातं आणि पुढे सरकत नाही. तुमचं तोंड समोर आलं तर मी काय बोलेन, ते मला ठाऊक नव्हतं. म्हणून आलो नाही. पण लहानपणी तापात मला पाठीवर घेऊन तुम्ही ओढ्याच्या पाण्यातून डॉक्टरकडे गेलात, तेही त्याच दिवशी आठवत होतं. दोन्ही खरं आहे. काय करू?

दुसऱ्या जहाजावर चढलो आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली सात आकडे लिहिले आहेत. पेटीच्या झाकणात आप्पांच्या कार्डाशेजारी जागा असेल तर लावा. नसेल तर राहू द्या.

ऑक्टोबरात उतरेन. तेव्हा पलूसच्या गाडीत बसता येतं का ते बघतो.

सिद्धू

*

९ मार्च २०२५

चि. सिद्धू यास आशीर्वाद.

तुझं पत्र सृष्टीने छापून आणलं. अंजनाने वाचलं आणि पेटी ओढून माझ्यापुढे ठेवली. आप्पांची लाल पेन्सिल पेटीतच होती. चाकूने टोक काढलं. एकेक आकडा मोठ्याने वाचत कार्ड लिहिलं आणि त्यांच्या कार्डाखाली चिकटवलं. जागा होती.

ॲपवर नाव टाकलं नाही, नंबर टाकला. एकच ओळ आली. तिच्यावर ठिपका नाही, तू भर पाण्यात असशील. त्या ओळीकडे बघून आता मी काही ठरवत नाही. ऑक्टोबरात गाडी चुकली तर पुढची असते, आणि ती चुकली तरी मी थांब्यावर येत जाईन.

कार्ड आणि फोन शेजारी ठेवून दोनदा बघितलं, मग अंजनाला बघायला लावलं. सातही आकडे बरोबर आहेत.

नंबर जुळवला. या वेळी खरंच जुळवला.

दादा